नेट नेमके कुठे तुटते?

पत्राचा सारांश: एक वाचक भगिनी पुण्यातील एका कंपनीचे हिशेबाचे काम घरून करतात. सासूबाईंच्या आजारपणामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांचे कुटुंब कोल्हापूरजवळच्या दुमजली घरात राहायला आले. फायबरची जोडणी घेताना कंपनीने राउटर मोफत दिला आणि तो खाली दाराशी, विजेच्या मीटरबोर्डाच्या वर बसवला. त्यांची कामाची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला आहे. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, चित्र गोठते आणि दिवसातून तीन-चार वेळा नेट पूर्ण जाते. दुरुस्तीला येणारा मुलगा राउटरपाशी उभा राहून मोबाइलवर स्पीड दाखवतो, ‘लाइन ओके आहे’ म्हणतो आणि मोठा प्लॅन सुचवतो. त्याप्रमाणे ४० चा प्लॅन १०० चा झाला, मग २०० चा. फरक पडला नाही. मीटिंगच्या वेळी सासऱ्यांनी मोबाइलवर बातम्या पाहू नयेत आणि मुलाने गेम लावू नये असा नियम घरात झाला आहे आणि त्यावरून कुरबुरी होतात. घराला नुकताच रंग दिलेला असल्याने भिंतीला भोक पाडायला सासऱ्यांची ना आहे. वर्षाच्या आढाव्यात वरिष्ठांनी ‘तुमच्या नेटचे काहीतरी करा’ असे लेखी नोंदवले. पती म्हणतात, कंपनी बदलू, नाहीतर आठवड्यातले चार दिवस तू पुण्यात राहा. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. त्या विचारतात, “फुकटच्या राउटरवर विसंबले ही माझीच चूक झाली का? आता कंपनी बदलू, दहा हजारांचा नवा राउटर घेऊ, की पुण्याला जाऊ?”

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मनाला लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बातम्या पाहू नका म्हणून सांगावे लागते, याचे तुम्हाला वाईट वाटते आहे. आणि आजारी माणसासाठी जे शहर सोडले तिथेच पुन्हा एकटीने जाऊन राहायची वेळ येते की काय, ही धास्ती तुम्ही घेतली आहे. तुमच्यासारख्या अडचणीत असलेली घरे पुष्कळ आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी चुकीविषयी. कंपनीने दिलेली ती डबी दोन कामे करते. काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे ती आपल्या यंत्रांना कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करते, हे पहिले काम. आणि तेच इंटरनेट घरभर हवेतून पसरवते, हे दुसरे. पहिले काम ती सहसा चोख करते आणि ते तिलाच करावे लागते, कारण कंपनीच्या केंद्रातल्या यंत्राशी तिची नोंद झालेली असते. दुसऱ्या कामासाठी मात्र तिच्यात बेताचीच ताकद असते. त्यातही बसवणारा मुलगा तुमची कामाची खोली कुठे आहे हे विचारत नाही. तार घरात जिथे शिरली तिथे खिळा ठोकून तो पुढच्या घरी जातो. तेव्हा तुमची चूक झालेली नाही. राउटर चुकीच्या जागी आहे, एवढेच आज तुमच्या पत्रावरून खात्रीने म्हणता येते.

तुम्ही दिलेल्या तीन पर्यायांपैकी एकही आज निवडू नका, कारण तिन्ही पर्याय ‘नेट खराब आहे’ हे गृहीत धरून मांडलेले आहेत आणि ‘नेट खराब आहे’ या वाक्यात दोन वेगवेगळे आजार एकत्र झालेले असतात. केंद्रापासून राउटरपर्यंतची तार तुटते, तो एक. राउटरपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंतची हवा तुटते, तो दुसरा. पहिल्या आजारावर दहा हजारांचा राउटर काही करू शकत नाही आणि दुसऱ्या आजारावर कंपनी बदलून काही होत नाही. नव्या कंपनीचा मुलगासुद्धा त्याच मीटरबोर्डाच्या वर खिळा ठोकेल.

मग ओळखायचे कसे? आठ दिवस एक वही ठेवा. नेट गेले की तारीख, वेळ, आणि त्या क्षणी राउटरवर कोणते दिवे लागले होते, एवढेच लिहा. त्या डबीवर ‘पॉन’ (PON) आणि ‘लॉस’ (LOS) असे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर केंद्राशी जोडणी शाबूत आहे. तो लुकलुकत राहिला किंवा लॉसचा लाल दिवा लागला, तर तारेतून प्रकाश पोहोचत नाही किंवा केंद्राशी जोडणी जुळत नाही आणि तो दोष तारेच्या बाजूचा, कंपनीने काढायचा. वर नेट गेलेले असताना खाली पॉन स्थिर हिरवा असेल तर संशय घरातल्या हवेवर घ्यायचा.

याहून पक्की खूण लॅपटॉपवर मिळते. राउटरच्या तळाला एक पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा इंग्रजीत लिहून पुढे तो पत्ता द्यायचा, आणि चाचणी चालूच राहावी म्हणून शेवटी एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी ‘टी’ हे अक्षर लिहायचे. दुसऱ्या तशाच खिडकीत राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता द्यायचा. दोन्ही खिडक्या मीटिंगभर शेजारी उघड्या ठेवा. उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, याचा आकडा दर सेकंदाला उमटत जाईल. घरातल्या राउटरचे उत्तर दोन-पाच, फार तर दहा मिलिसेकंदांत यायला हवे. आवाज तुटतो त्याच क्षणी पहिल्या खिडकीतला आकडा दोनशे-तीनशेवर उडाला किंवा उत्तरच आले नाही, तर दोष तुमच्या घरात, लॅपटॉप आणि राउटर यांच्या मध्ये आहे. पहिल्या खिडकीतले आकडे नेहमीसारखे आहेत आणि फक्त दुसरीतली उत्तरे बंद पडली, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. त्या दोन खिडक्यांचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. ‘लाइन ओके आहे’ या वाक्याला तोच पुरावा लागतो.

वहीवर मी एवढा भर का देते, ते सांगते. आमच्या घरी एकदा महिना-दीड महिना रोज संध्याकाळी सातच्या सुमारास नेट जायचे. संध्याकाळी सगळेच नेट वापरतात, तेव्हा केंद्रावर गर्दी होत असेल, असे आम्ही ठरवून टाकले होते. दुरुस्तीचा मुलगा नेहमी सकाळी अकराला यायचा, त्याच्या मापकावर प्रकाश व्यवस्थित दिसायचा आणि तो परत जायचा. मी वेळा लिहायला लागले तेव्हा दिसले की नेट जाण्याची वेळ रोज थोडी सरकते आहे आणि दिवेलागणीच्या मागे-मागे चालली आहे. दिवेलागणीला आम्ही डास येतात म्हणून गॅलरीची सरकती खिडकी लावत होतो आणि फायबरची पांढरी तार त्याच खिडकीच्या चौकटीतून आत आली होती. खिडकी लागली की तार चौकटीत दबून वाकायची आणि प्रकाश निसटायचा. काचेची तार तुटावीच लागत नाही. काडी मोडावी तशी तीव्र वाकली तरी प्रकाश बाहेर सांडतो. चौकटीच्या कोपऱ्यात एक खाच करून तार तिथून घेतली आणि त्या संध्याकाळपासून नेट गेले नाही. दारात उभा राहून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणाऱ्या त्या मुलावर मी तोवर फार चिडले होते. तो खोटे बोलत नव्हता, तो चुकीच्या वेळी येत होता.

तेव्हा तुमच्याकडेही तार दारातून आत येताना दाराच्या फटीत दबते का, मीटरबोर्डाच्या पेटीच्या झाकणात अडकते का, तिला खिळ्याने आवळले आहे का, हे आधी पाहा. फक्त टोकाची हिरवी पिन स्वतः उपसू नका आणि उघड्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. दुरुस्तीचा मुलगा आला की त्याला एकच आकडा विचारा: ‘पॉवर किती येतो आहे?’ पॉवर म्हणजे तारेतून पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम हे तिचे माप; तो आकडा उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये असायला हवा. उणे २७ च्या जवळ किंवा त्याच्याही खाली गेलेला असेल, तर जोड पुन्हा करून घ्या. हा प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाकडे तो मुलगाही वेगळ्या नजरेने पाहतो, हा माझा अनुभव आहे.

आता मोठ्या प्लॅनबद्दल. व्हिडिओ मीटिंगला दोन ते चार एमबीपीएस पुरतात, म्हणजे तुमचा पहिला ४० चा प्लॅनसुद्धा दसपट होता. २०० चा प्लॅन घेऊन तुम्ही रस्ता रुंद केलात तो दारापर्यंतचा. अडचण जिन्यात आहे. मोफत मिळणारे पुष्कळ राउटर वाय-फायच्या लहरींच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात आणि त्यांच्या खोक्यावर ३०० लिहिलेले असले तरी शेजारी बसून प्रत्यक्षात बरेचदा ५०-६० च्या आसपासच वेग मिळतो. त्यातच लोखंडी मीटरपेटी, विजेच्या तारांचे जुडगे आणि सळयांचे जाळे पोटात घेतलेला स्लॅब ओलांडून वर यायचे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो खरा, पण भिंती आणि स्लॅब त्याला आणखी लवकर गिळतात. त्यामुळे तुमच्या राउटरमध्ये तो असला तरी वरच्या मागच्या खोलीत त्याचा उपयोग जवळजवळ होणार नाही. पुढचे सहा महिने संपले की खुशाल १०० वर किंवा ४० वर परत या. वाचलेल्या पैशांत खाली सांगितलेले काम होऊन जाईल.

आणि सासऱ्यांच्या बातम्या. हा नियम तुम्ही मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे, आणि त्याचे कारण नुसते जिव्हाळ्याचे नाही. वाय-फायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. विहिरीवर एकच रहाट असावा तसे सगळ्यांना पाळीपाळीने पाणी शेंदावे लागते. राउटरजवळच्या यंत्राची घागर पटकन भरते, कारण त्याला वेगाने बोलता येते. दूरच्या, स्लॅबपलीकडच्या यंत्राला तेवढ्याच मजकुरासाठी सावकाश आणि पुन्हा पुन्हा बोलावे लागते, म्हणून तेच रहाट जास्त वेळ अडवून ठेवते. सासरे खाली सोप्यात बसून बातम्या पाहत असतील, तर त्यांची घागर क्षणात भरते आहे आणि रहाट अडतो आहे तो वरून, तुमच्या लॅपटॉपमुळे. हे त्यांना सांगा. ‘बाबा, तुमच्यामुळे होत नव्हते, मला आता कळले’ एवढे म्हणालात तर भिंतीचा विषय काढणे सोपे जाईल, पण तो फायदा बाजूला ठेवला तरी हे त्यांना सांगायला हवे. मुलाच्या गेमचेही जवळपास तसेच आहे. गेम खेळताना फार थोडा डेटा लागतो, जड असते ते गेमचे अपडेट उतरवणे. ते आणि सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप वर चढवण्याचे काम रात्रीवर ढकला, म्हणजे पुरे.

वहीवरून दोष घरातला निघाला, आणि तुमच्या पत्रावरून मला तो बहुतांशी तसाच वाटतो, तर पहिला उपाय बिनपैशाचा आहे. लॅपटॉप घेऊन एक दिवस खाली राउटरच्या खोलीत बसा आणि सगळ्या मीटिंग तिथून करा. त्या दिवशी एकदाही आवाज तुटला नाही, तर दहा हजार रुपये खर्च करण्याआधीच तुमचे निदान पक्के झाले. त्या दिवशीही तुटला, तर कंपनीशी बोलायचे.

खालच्या दिवशी सुरळीत चालले असे धरून पुढे जाऊ. बाजारात भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचे रिपीटर दीड-दोन हजारांत मिळतात आणि सगळ्यात आधी कोणीतरी तेच सुचवते. तुमच्या घरासाठी ते घेऊ नका. साधा रिपीटर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि लोक तो जिथे रेंज नाही त्याच खोलीत लावतात, तिथे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही. दोन-तीन डब्यांचा मेश संच, म्हणजे आपसांत जोडून घरभर एकच वाय-फाय देणाऱ्या डब्या, याहून चांगला, पण त्या डब्यांनाही आपसांत हवेतूनच बोलायचे असेल तर मध्ये तोच स्लॅब येतो. दहा हजार खर्चूनही मनासारखे न झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत ती बहुतेक अशीच, बिनतारी जोडलेल्या मेशची.

खरा उपाय म्हणजे तार वर नेणे, आणि तो दोन प्रकारे होतो. राउटरच वर न्यायचा, म्हणजे फायबर वाढवून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर किंवा वरच्या मजल्यावर घ्यायची; हे काम कंपनीचा मुलगा करतो आणि थोडे पैसे घेतो. जिन्याचा मधला टप्पा दुमजली घरात बहुधा सगळ्यात चांगली जागा असते, कारण तिथून वर आणि खाली दोन्हीकडे स्लॅब न ओलांडता वाट मिळते. किंवा राउटर आहे तिथेच ठेवायचा, त्याच्यामागच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे तार जोडायच्या खाचेतून, कॅट-६ ची (नेटवर्कची तांब्याची) तार वरपर्यंत न्यायची आणि तिथे दोन-अडीच हजारांचा साधा, दोन्ही पट्ट्यांवर चालणारा राउटर जोडायचा. माझा कौल या दुसऱ्या प्रकाराला आहे, कारण खाली सासरे आणि मुलगा यांचे जे नीट चालले आहे ते तसेच राहते आणि वर तुम्हाला स्वतंत्र रहाट मिळतो. ही तार १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. दुकानदाराकडून शुद्ध तांब्याची मागून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही त्याच नावाने विकली जाते.

स्वतःचा राउटर लावायला कंपनीची परवानगी लागेल का, अशी शंका पुष्कळांना असते. त्यांच्या डबीच्या मागे आपला राउटर जोडणे म्हणजे आणखी एक लॅपटॉप जोडण्यासारखेच आहे. त्यांची डबी काढायची नाही, तिची सेटिंग बदलायची नाही. नव्या राउटरमध्ये मात्र ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडा, म्हणजे घरात दोन वेगवेगळी जाळी न होता एकच राहील आणि वायरलेस प्रिंटर किंवा कॅमेरा एकमेकांना हरवणार नाहीत. आणि एक कळकळीची सूचना: डबीच्या मागे सुईच्या टोकाएवढे जे ‘रीसेट’चे भोक असते त्याला हात लावू नका. बंद करून पुन्हा चालू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. रीसेटने कंपनीने भरलेले नाव-पासवर्ड पुसले जाऊ शकतात आणि मग तो मुलगा येईपर्यंत घर बिननेटचे राहते.

दिवसातून तीन-चार वेळा नेट पूर्ण जाते, हे तुम्ही वेगळे लिहिले आहे आणि ते मला आवाज तुटण्याहून निराळे वाटते. त्या वेळी सगळे दिवे विझून पुन्हा एकेक करून लागतात का, हे वहीत आवर्जून लिहा. तसे होत असेल तर राउटर स्वतःच बंद पडून चालू होतो आहे. इन्व्हर्टरवर बदल होताना क्षणभर वीज तुटते. पंख्याला ते कळत नाही, पण राउटर बंद पडतो आणि सावरायला दोन-तीन मिनिटे घेतो. हजार-दोन हजारांत १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो खालच्या डबीला लावा, आणि वर दुसरा राउटर आला की त्यालाही. वीज गेलेली नसतानाही दिवे विझत असतील, तर ॲडॅप्टर हाताला चटका लागण्याइतका तापतो का पाहा. बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतील. आकडे डबीच्या तळाशी छापलेले असतात.

दोष तारेतला निघाला, तर तक्रार कशी करायची तेही सांगते, कारण इथे फार लोक फसतात. दुरुस्तीच्या मुलाला व्हॉट्सॲपवर ‘नेट नाही’ असे कळवणे म्हणजे तक्रार नोंदवणे नव्हे. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबर, घ्या आणि तो वहीत लिहा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण असते; तक्रारीचे समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत तिथे अपील विनाशुल्क करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. डॉकेट नंबर नसेल तर या वाटेवर पाऊलच टाकता येत नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमच्यावर तिथवर जायची वेळ येईल असे मला वाटत नाही. हे मुख्यतः ज्यांच्या घरी लाल दिवा आठ-आठ दिवस विझत नाही त्यांच्यासाठी लिहिले.

कंपनी बदलण्याचा विचार या सगळ्यानंतर. पॉन स्थिर हिरवा, पॉवर मर्यादेत, तार वर नेलेली, आणि तरीही दुसऱ्या खिडकीतली उत्तरे रोज बंद पडत असतील, तर कंपनी बदला. पण बदलण्याआधी तुमच्याच गल्लीत ती दुसरी कंपनी वापरणाऱ्या दोन घरांत जाऊन विचारा. जाहिरात सगळ्या राज्याची असते, सेवा गल्लीतल्या माणसाची असते.

वरिष्ठांना या आठवड्यातच एक छोटा ईमेल पाठवा. दोष शोधून काढते आहे, अमुक तारखेपर्यंत कामाच्या टेबलापर्यंत तार येईल आणि तोवर महत्त्वाच्या मीटिंग मी राउटरच्या खोलीतून करीन, असे त्यात लिहा. राउटर ज्या कंपनीचा आहे तिच्याहून वेगळ्या कंपनीचे सिम मोबाइलमध्ये ठेवा आणि हॉटस्पॉट आधी एकदा जोडून पाहा, म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही. तासाभराच्या व्हिडिओ मीटिंगला साधारण एक जीबीच्या आसपास डेटा जातो, कॅमेरा बंद ठेवला तर बराच कमी. पुण्याला जाण्याचा निर्णय, तो घ्यावाच लागला, तर नोकरीच्या आणि घराच्या कारणांनी घ्या. राउटरमुळे घेऊ नका.

राहिली भिंत. सासऱ्यांचा नकार मला आडमुठेपणाचा वाटत नाही; नव्या रंगावर कोणीतरी येऊन ड्रिल चालवणार, हे कोणालाही सोसत नाही. आधी जुनी वाट शोधा. घर बांधताना टीव्हीच्या केबलसाठी भिंतीतून पाइप टाकलेला असतो, त्यात आता बहुधा जुनी, न वापरली जाणारी केबल पडून असते. ती केबल ओढून काढतानाच तिच्या मागच्या टोकाला नवी तार बांधली की ती पाइपमधून आपोआप पुढे सरकते; गावातल्या वायरमनला हे काम सांगावेही लागत नाही. विजेच्या पाइपमधून मात्र ही तार नेऊ नका. तसा पाइप नसेल, तर जिन्याच्या कडेने, पायऱ्या आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात, भिंतीच्याच रंगाची प्लॅस्टिकची केसिंग पट्टी चिकटवून तार नेता येते. भोक पाडायची वेळ आली तरी ते जिन्याखाली एखादेच, बोटाएवढे. घराबाहेरून, गच्चीच्या पाइपला बांधून तार नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. तुमच्याकडे वळवाच्या पावसात विजा किती होतात हे तुम्ही जाणताच, आणि बाहेरून लोंबणारी तांब्याची तार विजेचा झटका थेट राउटरपर्यंत आणते. फायबरला हा धोका नाही, कारण ती काच आहे.

पट्टी कोणत्या कोपऱ्यातून न्यायची ते सासऱ्यांनाच ठरवू द्या. घरात भिंती कुठे पोकळ आहेत आणि कुठे भरीव आहेत हे वायरमनपेक्षा त्यांना जास्त माहीत असेल. आणि तार ओढताना एकीऐवजी दोन ओढून घ्या. मजुरी तेवढीच लागते, दुसरीचा खर्च फक्त तारेचा. घर शेताजवळ असेल तर कधी ना कधी उंदीर एक कुरतडतो, तेव्हा पट्टी न उचकटता दुसरीचे टोक जोडून काम चालू ठेवता येते.